करमणूक, मनोरंजन आणि शहराची मध्यवस्ती : कोल्हापूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या शहरांचा चेहरा गेल्या पंचवीस वर्षांत झपाट्याने पालटला आहे. जुन्या पेठा, बाजारचौक, बंद पडलेल्या गिरण्या, एकपडदा चित्रपटगृहे, नगरपालिकांची सभागृहे यांच्या जागी व्यापारी संकुले, बहुपडदा चित्रपटगृहे आणि खाद्यदालने उभी राहत आहेत. या बदलाची चर्चा प्रामुख्याने नगररचना, अर्थशास्त्र व वाणिज्य या विद्याशाखांत होते. भाषा आणि साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र हा विषय आपला नव्हे, असे जणू गृहीतच धरले आहे. प्रस्तुत लेखकास हे गृहीतक मान्य नाही. शहराच्या मध्यवस्तीत माणसे कोठे जमतात, काय पाहतात, किती वेळ बसतात आणि त्यांना तेथून कोण उठवते, हे प्रश्न जितके बांधकामाचे आहेत तितकेच संस्कृतीचेही आहेत. म्हणून त्यांची चिकित्सा सांस्कृतिक समीक्षेच्या कक्षेत येते.

या चिकित्सेसाठी निकष मराठी भाषेनेच देऊन ठेवला आहे. आपल्याकडे ‘मनोरंजन’ आणि ‘करमणूक’ हे शब्द समानार्थी म्हणून वापरले जातात. परंतु दोहोंची जात निराळी आहे. मनोरंजन म्हणजे मनाचे रंजन. ते कोणीतरी दुसरा करतो आणि आपण ते करवून घेतो. ‘करमणूक’ हा शब्द मात्र ‘करमणे’ या क्रियापदापासून आला आहे, आणि हे क्रियापद फार बोलके आहे. सासरी गेलेली मुलगी म्हणते, मला इथे करमत नाही. बदली होऊन आलेला कारकून म्हणतो, आता इथे करमायला लागले. यात तमाशा, नाटक, सिनेमा कशाचाही उल्लेख नसतो. त्या जागेशी जुळते की नाही, वेळ कोणत्याही बळजबरीविना जातो की नाही, ओळखीचे चार चेहरे आहेत की नाहीत, एवढेच त्यात अभिप्रेत असते. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली आपल्या साप्ताहिकाला ‘करमणूक’ हे नाव दिले तेव्हा त्यांनाही निव्वळ रंजन अभिप्रेत नव्हते. ज्या कादंबऱ्यांतून त्यांनी स्त्रीजीवनाची दुःखे मांडली त्यांतील काही याच साप्ताहिकातून क्रमशः वाचकांपुढे आल्या. पुढे ‘करमणूक कर’ या शासकीय संज्ञेने हा शब्द तिकीटखिडकीला जखडून टाकला, ही गोष्ट वेगळी.

मध्यवस्तीच्या पुनर्विकासाचे कागद वाचताना हा भेद सतत जाणवतो. प्रस्तावांत ‘मनोरंजनाच्या सुविधा’ असतात. आसनसंख्या, पडदे, गाळे, वाहनतळ यांची मोजदाद असते. त्या जागी लोकांना करमेल काय, हा प्रश्न कोणत्याही तक्त्याच्या रकान्यात नसतो. तो रकान्यात मावणाराही नाही. पण म्हणून तो गैरलागू ठरत नाही, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

कोल्हापूर : एका मध्यवस्तीची घडण

चर्चेसाठी कोल्हापूरची निवड केली आहे, कारण मध्यम आकाराच्या शहराच्या गाभ्यात करमणुकीच्या वास्तू जाणीवपूर्वक उभारल्याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. २०११च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. म्हणजे ते महानगर नव्हे, आणि आमच्या चिखलीसारखे साठेक हजार वस्तीचे नगरपरिषदेचे गावही नव्हे. दोहोंच्या मधल्या या पायरीवरून दोन्हीकडे पाहता येते.

राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली युरोपच्या प्रवासास गेले. रोम येथील प्राचीन प्रेक्षागार त्यांनी पाहिले आणि त्या धर्तीवर कुस्तीचे मैदान आपल्या राजधानीत व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून खासबाग मैदान तयार होऊन १९१२ मध्ये खुले झाले. मध्यभागी आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक. कोठूनही पाहिले तरी कुस्ती दिसावी अशी ही रचना आहे. त्याला लागूनच १९१३ मध्ये नाट्यगृहाचे बांधकाम सुरू झाले आणि १९१५च्या ऑक्टोबरात ‘पॅलेस थिएटर’ उघडले. प्रेक्षागृहाच्या मध्यात खांब नाही, हे त्याचे वैशिष्ट्य जाणकार आवर्जून सांगत. पुढे या वास्तूला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले.

या दोन वास्तूंचे शेजारपण हा योगायोग मानून पुढे जाणे सोपे आहे. पण थोडे थांबून पाहावे. संगीत नाटक हा त्या काळी मुख्यतः पांढरपेशांचा षौक होता. कुस्ती ही तालमीतल्या, शेतीवाडीतल्या पोरांची. एका भिंतीच्या अल्याड पदे रंगत आणि पल्याड लाल मातीत डाव पडत. दोन निरनिराळे प्रेक्षकवर्ग एकाच रस्त्याने येत, एकाच चौकात रेंगाळत. आजच्या परिभाषेत ज्याला आपण मिश्र वापराची मध्यवस्ती म्हणतो ती येथे बोलीभाषेइतकी सहज होती. खुद्द केशवराव भोसले यांचे चरित्रही या सरमिसळीचेच फळ आहे. १८९० साली जन्मलेला, गरिबीतून बालनट म्हणून रंगभूमीवर आलेला हा कलावंत १९०८ मध्ये ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटकमंडळी काढतो आणि १९२१च्या जुलैत मुंबईला बालगंधर्वांच्या बरोबरीने ‘संयुक्त मानापमान’ गाजवतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शाहूकालीन कोल्हापुराची आणखी एक जागा या संदर्भात विचारात घेतली पाहिजे. ती रंगमंचाची नाही, चहाच्या दुकानाची आहे. गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातील नोकरास पाण्याला शिवल्यावरून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी त्यांना नोकरीच्या जोखडातून सोडवून हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि भाऊसिंगजी रस्त्यावरच्या त्या ‘सत्यसुधारक’ हॉटेलात स्वतः चहा घेण्याचा परिपाठ ठेवला. बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागे. ही हकिकत सामाजिक समतेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते आणि तेथेच तिची सांगता होते. तिच्यातला शहररचनेचा अर्थ मात्र दुर्लक्षित राहतो. भर रस्त्यावर कोण दुकान थाटू शकतो, त्याच्या बाकावर कोण बसतो, त्याच्या हातचे कोण पितो, यावर ती मध्यवस्ती कोणाची हे ठरते. महाराजांनी कायदे केले, वसतिगृहे काढली. पण चौकातल्या बाकावर बसण्याचा हक्क हाही राजकीय प्रश्न आहे हे त्यांनी ओळखले होते. आजच्या कोणत्याही पुनर्विकास आराखड्याला हीच कसोटी लावता येते, आणि बहुतेक आराखडे तिथेच अडखळतात.

अर्थात हे सारे एका संस्थानिकाच्या मर्जीने आणि संस्थानच्या तिजोरीतून झाले. लोकनियुक्त संस्थेने केलेले हे काम नव्हे. शिवाय त्या काळातील नाट्यगृहात स्त्रीभूमिका पुरुष करीत आणि घरंदाज स्त्रीचे प्रेक्षागृहातले बसणेही मर्यादांनी वेढलेले असे. म्हणून जुने ते सर्वांना खुले होते, असे विधान कोणी करू नये. जुन्या नाट्यगृहांविषयी आपल्याकडे जे हळवे लेखन होते त्यात या बाजूकडे सोयीस्कर काणाडोळा केलेला असतो. त्या आठवणी बहुतांशी पहिल्या रांगेतल्यांच्या असतात.

दिनांक ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि वास्तूचा मोठा भाग भस्मसात झाला. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. आग विझण्यापूर्वीच रंगकर्मी आणि सामान्य नागरिक तेथे जमले होते, कित्येक जण ओक्साबोक्शी रडत होते. एखादे व्यापारी संकुल जळाले असते तर हळहळ झाली असती, नुकसानीचे आकडे छापून आले असते. रडण्यासाठी लोक रस्त्यावर आले नसते. नाट्यगृह आहे तेथे आणि होते तसेच पुन्हा उभारावे, ही मागणी लगेच पुढे आली. शासनाने निधी जाहीर केला आणि पुनर्बांधणीस प्रारंभही झाला.

‘जसेच्या तसे’ या शब्दप्रयोगाची चिकित्सा येथे आवश्यक ठरते. दगड, कौले, लाकूड, उंची, कमानी हे सारे जसेच्या तसे करता येईल. त्याचे तंत्रज्ञान आहे आणि तज्ज्ञही आहेत. पण ज्या गोष्टीमुळे लोक रडले ती गोष्ट लाकडात नव्हती. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत गावातल्या हौशी माणसाला त्या रंगमंचावर पाय ठेवता येत होता. महाराष्ट्र शासनाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि मध्यम शहरांतील रंगभूमी जिवंत राहिली ती मोठ्या प्रमाणावर तिच्यामुळे. बँकेत, शाळेत, महावितरणात नोकरी करणारी माणसे संध्याकाळी तालमी करतात आणि वर्षातून एकदा खऱ्या रंगमंचावर खऱ्या प्रकाशात उभी राहतात. त्यांना हा रंगमंच परवडला पाहिजे. नव्या वास्तूत वातानुकूलन, ध्वनियंत्रणा, अग्निसुरक्षा यांवरचा खर्च वाढणार, हे उघड आहे. तो भाड्यातून वसूल करण्याचे ठरले तर वास्तू तीच राहील, पण तिच्यात पाऊल टाकणारी माणसे बदललेली असतील. तेव्हा पुनर्बांधणीच्या अंदाजपत्रकाइतकेच भाड्याचे दरपत्रकही सार्वजनिक चर्चेचा विषय व्हावयास हवे.

सवलतीचे अर्थकारण

आता मध्यवस्तीतील नव्या करमणुकीकडे वळू. बहुपडदा चित्रपटगृहे आपोआप, बाजाराच्या रेट्याने आली, असा एक समज प्राध्यापकवर्गातही आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. २००१ साली महाराष्ट्र शासनाने करमणूक शुल्क अधिनियमात बदल करून या संकुलांना सवलत दिली : पहिली तीन वर्षे करमणूक शुल्क पूर्ण माफ आणि पुढील दोन वर्षे केवळ २५ टक्के आकारणी. चित्रपटगृहांतील उपस्थिती घटली आहे, नवी चित्रपटगृहे जवळपास निघतच नाहीत, आणि संपूर्ण कुटुंबाच्या करमणुकीचे केंद्र ही नवी कल्पना भांडवलप्रधान असल्याने तिला आधार हवा, असे कारण त्यामागे देण्यात आले होते.

या सवलतीचे स्वरूप काय, हा प्रश्न आयकराच्या निमित्ताने थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. पुण्यातील एका संकुलाच्या प्रकरणात ७ डिसेंबर २०१७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की ही सवलत भांडवली स्वरूपाची आहे. तिचा हेतू रोजचा धंदा चालविण्यास मदत करणे हा नसून अशी संकुले उभी राहावीत हा आहे. कायद्याच्या दृष्टीने हा निवाडा आयकरापुरता आहे. परंतु सांस्कृतिक समीक्षकाला त्यात एक महत्त्वाची कबुली दिसते. जे शुल्क एरवी सरकारी तिजोरीत जमा झाले असते ते मालकाकडे राहिले आणि इमारतीच्या भांडवलाचा भाग ठरले. म्हणजे या वास्तूंच्या उभारणीत सार्वजनिक पैशाचा वाटा आहे. मग ज्या वास्तूत जनतेचा पैसा आहे त्या वास्तूवर जनतेचा हक्क कोणता? तेथे स्थानिक हौशी चित्रपटकर्त्यांसाठी महिन्यातून एक खेळ राखून ठेवावा, तिकिटाचा एक दर तरी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला असावा, अशा अटी सवलतीला सहज जोडता आल्या असत्या. मराठी चित्रपटांना सोयीची वेळ मिळावी म्हणून पुढे आंदोलने करावी लागली आणि २०१५ मध्ये शासनाला त्याबाबत भूमिका घ्यावी लागली. सवलत देतानाच हा विचार झाला असता तर ही यातायात टळली असती.

१ जुलै २०१७ पासून करमणूक शुल्क वस्तू व सेवा करात विलीन झाले. त्या कराची रचनाही पाहण्यासारखी आहे. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला कमी दर आणि त्यावरच्या तिकिटाला अधिक, अशी ती पायरी आरंभापासून आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर ५ टक्क्यांवर आला, वरचा १८ टक्केच राहिला. शंभराच्या आतले तिकीट ज्या चित्रपटगृहात मिळते ते प्रायः जुने एकपडदा असते. म्हणजे ही मदत ज्यांना मिळावयाची त्यांच्यातली बहुसंख्य चित्रपटगृहे ती पोहोचण्याआधीच बंद पडली, किंवा त्यांच्या जागी मंगल कार्यालये आणि गाळे आले. औषध योग्य होते. रोगी मात्र अगोदरच गेला होता.

येथे विरुद्ध बाजूचाही विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. नव्या संकुलांनी स्त्रियांना मध्यवस्तीत संध्याकाळी निर्वेधपणे वावरण्याची जागा दिली, हे नाकारता येणार नाही. जुन्या चित्रपटगृहातील मधल्या वेळची शिट्ट्यांची दाटी, स्वच्छतागृहाची दुरवस्था आणि अंधारातली छेडछाड यांची आठवण असलेल्या कोणत्याही स्त्री-प्राध्यापकाला बहुपडदा चित्रपटगृह ही अधोगती वाटत नाही. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी मोठ्या शहरात गेल्या की आधी तेथेच जातात आणि त्यामागे केवळ चकचकाटाचे आकर्षण नसते. उजेड, पहारेकरी, वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि कोणी रोखून न पाहणे, या चार गोष्टींचे मोल गावाकडून आलेल्या मुलीला विचारावे. प्रश्न इतकाच आहे की या चार गोष्टी मिळविण्यासाठी नागरिकाला आधी ग्राहक का व्हावे लागते? नगरपालिकेचा चौक, बाग, वाचनालय या ठिकाणी त्या विनामूल्य असावयास हव्या होत्या. सार्वजनिक जागांनी जे द्यावयाचे नाकारले ते खासगी जागांनी विकावयास काढले. या विक्रीवर टीका करणाऱ्यांनी आधी नकार देणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे.

शिवाय संकुलात करमत नाही असेही नाही. तेथेही तरुण मुले काही न विकत घेता तासन्‌तास फिरतात, जिन्यावर बसतात. पण ते बसणे पहारेकऱ्याच्या सहनशीलतेवर अवलंबून असते. कपडे जरा मळके असले, टोळके जरा मोठे असले की त्या सहनशीलतेची सीमा दिसू लागते. गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलातला बाक आणि संकुलातला बाक यांतला भेद हाच आहे.

गिरणगावाचा धडा

करमणुकीच्या नावाने मध्यवस्ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते, याचा सर्वांत परिचित नमुना मुंबईच्या गिरणगावात घडला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांचे जग विस्कटले. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे मोकळी जागा, घरे आणि मालक असे तीन वाटे कल्पिले होते. २००१ मध्ये तो नियम बदलून वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. भोंगे थांबले तेथे दुकानांच्या झगमगत्या ओळी, उपाहारगृहे आणि बोलिंगचे खेळ आले.

मराठी साहित्याने या स्थित्यंतराची नोंद घेतली, पण ती मोजक्या लेखकांनीच. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक एका गिरणीकामगार कुटुंबाच्या खोलीत घडते. बाप गेलेला, आई घर सांभाळते आहे आणि तीन मुलगे व एक मुलगी आपापल्या दिशेने भरकटत आहेत. नाटक खोलीबाहेर पडत नाही, हे त्याचे रचनावैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाला त्यात एक सामाजिक विधानही दिसते : या माणसांना आता जावयास बाहेर जागाच उरलेली नाही. गिरणगावात पूर्वी गणेशोत्सवाचे मांडव होते, भजनी मंडळे, कामगार रंगभूमी, व्यायामशाळा, अण्णा भाऊ साठे व अमर शेख यांचे कलापथक होते. घराबाहेर करमण्याची ही सारी ठिकाणे गिरणीच्या वेळापत्रकाला बांधलेली होती; गिरणी गेली आणि ती विरली. त्याच लेखकाच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (२०१०) या कथासंग्रहाचे शीर्षक याहून बोचरे आहे. पुराणकथेतला पक्षी राखेतून पुन्हा स्वतःच्याच रूपाने उठतो. लोअर परळच्या फिनिक्स मिलचे नाव तेच राहिले आणि उठला तो मोर, पिसारा फुलवून लोकांनी आपल्याकडे पाहावे म्हणून उभा राहणारा. २०१२ मध्ये या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परंतु पुनर्विकासाविषयीच्या चर्चासत्रांत त्याचा संदर्भ अभावानेच येतो. साहित्याच्या अभ्यासकांनी हा विषय सोडून दिल्याचा हा परिणाम आहे.

परळच्याच दामोदर नाट्यगृहाची कथा अलीकडची आहे. १९२२ पासूनचे हे नाट्यगृह कामगार रंगभूमीचे माहेरघर होते. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले आणि रंगकर्मी आंदोलनास उतरले. नव्या आराखड्यातील नाट्यगृह पूर्वीपेक्षा लहान आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या (१९६८) पुनर्विकासाचा प्रस्ताव २०१८ मध्ये आला तेव्हाही मोठा वाद झाला, आणि त्यात रंगकर्मींचेच दोन तट पडले. काहींना नवी, सोयींनी युक्त वास्तू हवी होती. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. गळकी रंगपटगृहे आणि खराब ध्वनियोजना यांचा त्रास प्रयोग करणाऱ्यालाच होतो, आठवणी लिहिणाऱ्याला नव्हे.

या प्रकरणांच्या तुलनेत कोल्हापुरातील शाहू मिलचा वेगळा विचार व्हावा. १९०६ साली स्थापन झालेली ही गिरणी बंद पडली आणि शहराच्या ऐन वस्तीत तिची मोठी जमीन मोकळी झाली. तेथे शाहू स्मारक व्हावे हा प्रस्ताव दीर्घकाळ चर्चेत आहे. मे २०२२ मध्ये राजर्षींच्या स्मृतिशताब्दीनिमित्त कृतज्ञता पर्व झाले तेव्हा गिरणीचे आवार लोकांसाठी उघडण्यात आले. प्रदर्शने भरली, कार्यक्रम झाले. ज्या दारातून कामगारांशिवाय कोणी आत गेले नव्हते त्या दारातून सारे शहर आत गेले. त्यासाठी एकही इमारत पाडावी लागली नाही किंवा उभारावी लागली नाही. स्मारकाच्या भव्यतेविषयी जी चर्चा होते तिच्यात या काही दिवसांच्या अनुभवाला खरे तर पहिले स्थान मिळावयास हवे होते. परंतु भव्य आराखड्याला निधी मिळतो, उघड्या दाराला मिळत नाही. त्याच वर्षी जयप्रभा स्टुडिओची जागा वाचविण्यासाठी कोल्हापुरात आंदोलन झाले, हेही लक्षात घ्यावे. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी मूकपटांचा पाया घातला आणि १९२९ मध्ये ‘प्रभात’ची स्थापना झाली, त्या शहराला आपली चित्रनिर्मितीची भूमी राखण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले.

तालुक्याच्या गावातून पाहताना

हे सारे चिखलीत बसून लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाला पडणे साहजिक आहे. मध्यम शहरांत जे आज घडते ते तालुक्याच्या गावांत दहा वर्षांनी घडते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावरील संकुलांची भाषा नगरपरिषदांपर्यंत केव्हाच पोहोचली आहे. तळमजल्यावर गाळे, वर सभागृह, हा साचा आता सर्वत्र सारखा दिसतो. गाळ्यांचे लिलाव वेळेत होतात; सभागृह मात्र पुष्कळदा ‘प्रस्तावित’ राहते.

आमच्याकडे चैत्रात रेणुकादेवीची यात्रा भरते. पाळणे, खेळणी, रेवड्यांची दुकाने, लांबून आलेली माणसे, आणि काही दिवसांसाठी गावाची मध्यवस्ती जणू दुप्पट होते. येथे तिकीट फक्त पाळण्याला असते. हिंडायला, पाहायला, भेटायला नसते. लेकी माहेरी येतात त्या पाळण्यासाठी नव्हे. आठवडी बाजाराचेही तेच. खरेदी तासाभरात उरकते आणि उरलेला दिवस माणूस बाजारात ‘असतो’. या असण्याला अर्थशास्त्रात संज्ञा नसेल. मराठीत क्रियापद आहे.

म्हणून महाविद्यालयीन अध्यापकांपुढे एक प्रत्यक्ष काम आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रत्येक नगरपरिषदेचा विकास आराखडा तयार होतो. तो प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचना नोंदविण्याची ठरावीक मुदत असते. बाग, क्रीडांगण, नाट्यगृह, बाजार यांसाठी त्यात जागा आरक्षित केलेल्या असतात. कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यावरही विहित मुदतीत पाऊल उचलले गेले नाही, तर आरक्षण व्यपगत होते. कित्येक गावांतील नाट्यगृहे आणि बागा अशा रीतीने कोणताही गाजावाजा न होता, कोणतेही आंदोलन न होता, नकाशावरच संपल्या. आग लागली असती तर निदान माणसे जमली असती.

हा आराखडा हे गावाचे एक सार्वजनिक संहितापत्र आहे आणि संहितेचे वाचन हा तर आपला व्यवसायच. पदवीच्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पलेखन असते. आपल्या गावाच्या आराखड्यात करमणुकीसाठी कोणत्या जागा राखल्या होत्या, त्यांतील किती ताब्यात आल्या, तेथे आज काय आहे आणि तेथे कोण बसते, एवढी नोंद विद्यार्थ्यांनी पायी फिरून केली तरी पुरे. मराठी, समाजशास्त्र, भूगोल आणि वाणिज्य या चारही विभागांना त्यात काम आहे. नकाशाची प्रत नगरपरिषदेच्या नगररचना विभागात मिळते. हरकतींची मुदत चालू असताना ती मागितली तर अधिक उपयोगी पडते.